अमेरिकेतलं ट्रान्झिशनल इयर: एका वर्षाची नेमणूक, पुढच्या वर्षाचा हिशेब

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या शाखानिहाय प्रशिक्षणाच्या जागा वाटणाऱ्या ‘मॅच’चा निकाल लागतो आणि त्या रात्री मिरजेच्या किंवा नागपूरच्या एखाद्या घरात फोनवर गोंधळ उडतो. मुलगी सांगते, ‘‘रेडिऑलॉजी मिळाली, टेक्ससमध्ये. पण ती पुढच्या वर्षीच्या जुलैत सुरू होणार. यंदाचं वर्ष मिशिगनला.’’ रेडिऑलॉजी मिळाली म्हणायची की नाही, हे घरच्यांना कळेनासं होतं. मिळालेली असते. मधलं जे एक वर्ष वेगळ्या गावात, वेगळ्या रुग्णालयात काढायचं असतं, त्याला ट्रान्झिशनल इयर म्हणतात. बोलताना सगळे टीवाय म्हणतात.

काही शाखांमध्ये पहिल्या दिवसापासून त्या शाखेचंच काम दिलं जात नाही. आधी एक वर्ष वॉर्ड, आयसीयू, इमर्जन्सी अशी सर्वसाधारण डॉक्टरकी करा आणि मग या, असा नियम असतो. डर्मटॉलॉजी, डायग्नोस्टिक रेडिऑलॉजी, रेडिएशन ऑन्कॉलॉजी या शाखांचं बहुतेक असंच चालतं. ॲनेस्थेशिया, न्यूरॉलॉजी आणि फिजिकल मेडिसिन ॲन्ड रिहॅबिलिटेशनच्या काही जागाही अशाच असतात. या जागांना ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणतात. त्या दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत एकाच ठिकाणी असलेली जागा ‘कॅटेगॉरिकल’. आणि ॲडव्हान्स्ड जागेच्या आधीचं वर्ष भरून काढणाऱ्या जागा दोन प्रकारच्या: ‘प्रिलिमिनरी’ आणि ‘ट्रान्झिशनल’. प्रिलिमिनरी वर्ष एकाच विभागात जातं, मेडिसिन किंवा सर्जरी. ट्रान्झिशनलमध्ये अनेक विभागांत फिरवतात आणि स्वतःच्या पसंतीच्या पोस्टिंगला जास्त वाव असतो.

नेत्ररोगाचं जुनं गणित मात्र आता बदललंय. त्या शाखेने पहिलं वर्ष स्वतःच्या प्रोग्रॅमलाच जोडून घेतलं आहे आणि त्यात तीन महिने डोळ्यांचं काम ठेवलं आहे. त्यामुळे ‘ऑप्थॅलला जायचंय, आधी टीवाय बघ’ हा सीनियरांचा सल्ला आता कामाचा राहिलेला नाही.

आपल्याकडची इंटर्नशिप आणि हे वर्ष

वर्णन ऐकून आपल्याकडच्या एमबीबीएसनंतरच्या रोटेटिंग इंटर्नशिपची आठवण येते आणि ती चुकीची नाही. अमेरिकेतही पूर्वी स्वतंत्र रोटेटिंग इंटर्नशिप होती. १९७५ च्या सुमारास ती बंद झाली आणि पहिलं वर्ष त्या-त्या शाखेच्या रेसिडेन्सीत विलीन झालं. ज्यांना एकाच शाखेच्या चौकटीत पहिलं वर्ष बसवता येत नव्हतं त्यांच्यासाठी ‘फ्लेक्सिबल’ वर्ष ठेवलं गेलं, त्याचंच पुढे ट्रान्झिशनल झालं.

साम्य मात्र इथंच संपतं. आपल्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे असतात, बाळंतपणं असतात, आणि पुष्कळ ठिकाणी इंटर्न म्हणजे रक्त काढणं, नमुने लॅबला पोचवणं, फॉर्म भरणं. टीवायचा इंटर्न पदवीधर डॉक्टर असतो. त्याच्याकडे प्रशिक्षणापुरता परवाना असतो, औषधांच्या ऑर्डर तो स्वतः लिहितो आणि रात्री नर्सचा पहिला फोन त्यालाच येतो. वर सीनियर रेसिडेंट आणि अटेंडिंग, म्हणजे रुग्णाची अंतिम जबाबदारी असलेले वरिष्ठ डॉक्टर, असतात, पण ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणण्याआधी आपलं मत काय, हे सांगावं लागतं. भारतातून गेलेल्यांचं पहिल्या महिन्यात नेमकं इथंच अडतं. ज्ञान असतं, मत मांडायची सवय नसते.

वर्षात काय-काय असतं

या प्रोग्रॅमना मान्यता देणारी संस्था एसीजीएमई. तिच्या चौकटीनुसार वर्षातले किमान २४ आठवडे मूलभूत रुग्णसेवेला द्यावे लागतात, म्हणजे मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, फॅमिली मेडिसिन, इमर्जन्सी अशा विभागांना. इमर्जन्सीचे निदान ४ आठवडे हवेत, ओपीडीचे निदान १४० तास हवेत, आणि किमान ८ आठवडे ऐच्छिक पोस्टिंगला मोकळे ठेवावे लागतात. बाकीचं त्या-त्या रुग्णालयावर असतं. म्हणूनच दोन टीवाय प्रोग्रॅममध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एकीकडे सहा महिने वॉर्ड आणि दोन महिने आयसीयू, तर दुसरीकडे चार महिने वॉर्ड आणि पाच महिने ऐच्छिक.

वर्षाचे ५२ आठवडे साधारणपणे चार-चार आठवड्यांच्या १३ ब्लॉकमध्ये पाडतात. एक नमुना घेऊ: मेडिसिन वॉर्ड ४ ब्लॉक, आयसीयू १, जनरल सर्जरी १, इमर्जन्सी १, ओपीडी १, रात्रपाळी १ आणि ऐच्छिक ४. सुट्टीचे तीन-चार आठवडे बहुतेक ऐच्छिक ब्लॉकमधूनच कापले जातात.

वेळापत्रक चांगलं दिसतं. पण चांगलं कोणासाठी? पुढची शाखा धरून ते तपासावं लागतं.

पुढे ॲनेस्थेशिया असेल तर पहिल्या वर्षात आंतररुग्णांची मूलभूत सेवा किमान सहा महिने हवी, शिवाय क्रिटिकल केअर आणि इमर्जन्सी प्रत्येकी निदान एक महिना, पण दोनपेक्षा जास्त नाही. वरच्या नमुन्यात आयसीयू आणि इमर्जन्सी बसतात. वॉर्ड मोजायला गेलं तर मेडिसिनचे चार आणि सर्जरीचा एक, म्हणजे पाचच. रात्रपाळी मेडिसिनच्याच वॉर्डात असेल तर सहावा त्यात धरता येईल. नसेल तर एक ऐच्छिक ब्लॉक वॉर्डाला द्यावा लागेल. रेडिऑलॉजीला जाणाऱ्याने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे नऊ महिने भरायचे असतात. ऐच्छिकमध्ये रेडिऑलॉजीच घ्यायची असेल तर सगळं मिळून दोन महिन्यांची मर्यादा आहे, आणि तीही जिथे रेडिऑलॉजीची रेसिडेन्सी चालते अशा विभागातच. ‘पुढची तयारी’ म्हणून चारही ब्लॉक रीडिंग रूममध्ये, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचण्याच्या खोलीत, काढायचा बेत इथे कोसळतो. न्यूरॉलॉजीचा नियम याहून कडक आहे. मेडिसिनचेच निदान सहा महिने लागतात, आणि ढिलं वेळापत्रक असलेल्या टीवायमध्ये ते बसतच नाहीत. अशांनी सरळ प्रिलिमिनरी मेडिसिन धरावं.

ही आकडेमोड पुढच्या प्रोग्रॅमच्या समन्वयकाकडून लेखी तपासून घ्यायची, आणि तीही एप्रिल-मेमध्ये, ब्लॉकची पसंती भरण्याआधी. फेब्रुवारीत एक महिना कमी आहे हे लक्षात आलं तर तोवर वॉर्डच्या जागा वाटून झालेल्या असतात.

रँक लिस्टची भानगड

मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेच्या पद्धतीत तुमच्या पसंतीक्रमाची मुख्य यादी, म्हणजे रँक लिस्ट, एकच असते. त्यात एखादी ॲडव्हान्स्ड जागा असेल तर तिला एक पुरवणी यादी जोडता येते. त्या पुरवणी यादीत पहिल्या वर्षाच्या जागा पसंतीक्रमाने लिहायच्या. संगणक आधी मुख्य यादी चालवतो. त्यात ॲडव्हान्स्ड जागा लागली तरच तिच्या पुरवणी यादीकडे वळतो.

सोय अशी की प्रत्येक ॲडव्हान्स्ड जागेला वेगळी पुरवणी यादी लावता येते. रेडिऑलॉजी शिकागोत लागली तर पहिलं वर्ष इलिनॉय-मिशिगनच्या आसपास, ह्यूस्टनला लागली तर टेक्ससमध्ये, असं ठरवता येतं. वर्षभरात दोनदा बिऱ्हाड हलवण्याचा खर्च यात वाचू शकतो.

चुका मात्र ठरलेल्या आहेत. पुरवणी यादी बनवली जाते आणि ॲडव्हान्स्ड जागेला जोडायची राहते, मग ती नसल्यातच जमा. किंवा यादी फारच आखूड असते. टीवायच्या जागांमागे डर्मटॉलॉजी आणि रेडिऑलॉजीचे तगडे उमेदवार लागलेले असतात, कारण वर्ष हलकं जातं असा त्याचा लौकिक आहे. त्यामुळे कधी-कधी रेडिऑलॉजी मिळते आणि टीवाय हुकतं. पुरवणी यादीच्या तळाला प्रिलिमिनरी मेडिसिनची पाच-सात नावं हवीतच, आणि गरज पडली तर प्रिलिमिनरी सर्जरीचीही. सर्जरीचं वर्ष खडतर जातं, पण हातातली ॲडव्हान्स्ड जागा टिकते.

पहिलं वर्ष न मिळाल्यास मॅचच्या आठवड्यात सोमवारी कळतं आणि सोप नावाची दुसरी फेरी सुरू होते. रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी मिळते आणि जास्तीत जास्त ४५ ठिकाणी अर्ज करता येतो. या काळात प्रोग्रॅमने संपर्क साधण्याआधी आपण फोन किंवा ईमेल करायचा नसतो. ओळखीच्या काकांकडून शब्द टाकायला लावणंही नियमभंगातच मोडतं, आणि हे आपल्या लोकांना आवर्जून सांगावं लागतं.

आता आमचं स्पष्ट मत. पुढची जागा हातात नसताना ‘अमेरिकेत पाय तरी ठेवू’ म्हणून टीवाय घेणं जोखमीचं आहे. करार एका वर्षाचाच असतो आणि ३० जूनला तो संपतो. इंटर्नल मेडिसिनमध्ये नंतर जागा मिळाली तरी बहुतेकदा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. सप्टेंबरात, म्हणजे नोकरीला जेमतेम तीन महिने होतात तोवर, पुन्हा अर्ज भरायचा, हिवाळ्यात वॉर्ड सांभाळत मुलाखती द्यायच्या, आणि शिफारसपत्र लिहिणारे डॉक्टर तुम्हाला महिनाभरच ओळखत असतात. एवढं करून काही जणांचं काम होतं. पण दुसरा पर्याय प्रिलिमिनरी मेडिसिनचा असेल तर तो बरा, कारण त्याच विभागात वर्षभर दिसत राहता आणि मध्येच कोणी सोडून गेलं तर रिकाम्या जागेसाठी तुमचं नाव निघू शकतं.

वॉर्डातला दिवस आणि रात्र

वॉर्डच्या ब्लॉकमध्ये इंटर्न सकाळी सहाच्या आसपास येतो. रात्रीच्या डॉक्टरकडून रुग्णांबद्दलचा निरोप समजून घेतो, आपल्या रुग्णांचे रात्रीचे आकडे बघतो, प्रत्येकाला भेटून येतो. आठ-नऊला अटेंडिंगबरोबर राऊंड. मग ऑर्डर, सल्लामसलतीचे फोन, डिस्चार्जचे कागद, दुपारी नवे रुग्ण दाखल करणं. इंटर्नल मेडिसिनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे एका वेळी दहापेक्षा जास्त रुग्ण नसावेत आणि रुग्ण दाखल करून घेण्याच्या दिवशी पाचपेक्षा जास्त नवे रुग्ण नसावेत. आपल्या सरकारी वॉर्डात खाटांमध्ये गाद्या टाकून काम केलेल्याला दहा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण प्रत्येक रुग्णाची रोजची नोंद, प्रत्येक औषधाचा जुन्या यादीशी ताळमेळ, विम्याच्या मंजुरीचे फोन, घरच्यांशी बोलणं आणि डिस्चार्जनंतर कुठे जाणार याची व्यवस्था हे सगळं त्या दहांमागे असतं.

दाखल करताना सुटणाऱ्या गोष्टीही ठरलेल्याच. घरी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, ते लिहायचं राहतं. उपाशी ठेवलेल्या मधुमेहीचं जेवणाबरोबरचं इन्शुलिन बंद करायचं राहतं. हृदय थांबलं तर पुनरुज्जीवन करायचं की नाही, हे रुग्णाला विचारायचंच राहतं. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारतात. तिथे रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच, सरळ आणि पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. सुरुवातीला जीभ अडखळते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पाळी बदलताना. एकाने सांगायचं राहिलं, दुसऱ्याने गृहीत धरलं. यावर आय-पास नावाची पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात: रुग्ण किती गंभीर, थोडक्यात माहिती, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि शेवटी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणं. नऊ रुग्णालयांत ही पद्धत लावून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

प्रत्यक्षात फरक कसा पडतो पाहा. कच्चा निरोप: ‘‘बारा नंबरच्या काकांचं पोटॅशियम बघ.’’ पक्का निरोप: ‘‘खोली १२, वय ६८, हृदय कमजोर, अंगावर पाणी, फ्युरोसेमाइड शिरेतून चालू. सध्या स्थिर, पण लक्ष ठेवण्यासारखे. पोटॅशियमचा रिपोर्ट रात्री १० ला येईल. ४ च्या खाली आलं तर द्यायचं, पण मूत्रपिंड मंदावलंय, म्हणून नेहमीच्या निम्मा डोस, आणि पहाटे ४ ला पुन्हा तपासणी. लघवी कमी झाली तर मला नको, सीनियरला फोन.’’ दुसऱ्या निरोपाला अर्धं मिनिट जास्त लागतं. पहिल्या निरोपावर काम करणारा नवखा रात्री साडेदहाला आकडा बघतो, सवयीप्रमाणे पूर्ण डोस देतो, आणि सकाळी पोटॅशियम वाढून ईसीजी बिघडलेला असतो.

तासांचा नियम असा: चार आठवड्यांची सरासरी धरून आठवड्याला जास्तीत जास्त ८० तास, सरासरीने आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा, सलग २४ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यावर निरोप देण्याघेण्यासाठी फार तर आणखी ४ तास. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला बाहेर जादा पैसे घेऊन पाळ्या करायला बंदी आहे. २०११ मध्ये इंटर्नला सलग १६ तासांचीच मर्यादा घातली होती, ती २०१७ मध्ये उठवली. तास स्वतःच नोंदवायचे असतात. कमी दाखवून प्रोग्रॅमला खूश करता येतं असं वाटतं, पण त्याने जास्तीच्या कामाचा पुरावाच राहत नाही.

विद्यापीठाच्या गावात हे वर्ष

अनेक टीवाय प्रोग्रॅम मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयांत नाहीत, मध्यम आकाराच्या सामुदायिक रुग्णालयांत आहेत, आणि त्यातले काही विद्यापीठाच्या गावांत. मिशिगनमधलं ॲन आर्बर घ्या. १८३७ मध्ये मिशिगन विद्यापीठ डेट्रॉइटहून इथे आलं आणि तेव्हापासून गावाचं घड्याळ विद्यापीठाच्या घड्याळावर चालतं. विद्यापीठाचं स्वतःचं मोठं रुग्णालय आहेच. शिवाय गावाच्या पूर्वेला, इप्सिलँटीच्या बाजूला ट्रिनिटी हेल्थ ॲन आर्बर आहे. २०२२ पर्यंत त्याचं नाव सेंट जोसेफ मर्सी होतं आणि जुने लोक अजून ‘सेंट जो’च म्हणतात. तिथे टीवाय चालतं. इप्सिलँटीत ईस्टर्न मिशिगन हे दुसरं विद्यापीठ आहे.

अशा जोडीत इंटर्नचा फायदा होतो. अतिदुर्मिळ आजार आणि अवयव प्रत्यारोपण विद्यापीठाकडे जातं. सामुदायिक रुग्णालयात न्यूमोनिया, हृदय निकामी होणं, पडून मोडलेले खुबे, पित्ताशय, सेप्सिस हे रोजचं काम राहतं. फेलोंची, म्हणजे रेसिडेन्सीनंतर पुढचं शिकणाऱ्या डॉक्टरांची, गर्दी कमी, म्हणून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालणं किंवा पोटातलं पाणी काढणं इंटर्नच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त. उलट बाजूने संशोधनाची साधनं मर्यादित असतात. डर्मटॉलॉजीला जाणाऱ्याला वर्षात शोधनिबंध पुढे न्यायचा असेल तर त्याने मुलाखतीतच विचारावं की ऐच्छिक ब्लॉक विद्यापीठात करता येतो का, आणि त्यासाठीचा करार आधीपासून आहे की दर वेळी नव्याने करावा लागतो. नव्याने करायचा असेल तर कागदपत्रांत महिने जातात आणि ब्लॉक येऊन निघूनही जातो.

रुग्णही विद्यापीठाच्या पंचांगाप्रमाणे बदलतात. जुलैत गाव रिकामं असतं, म्हणून नवा इंटर्न तुलनेने शांतपणे शिकतो. ऑगस्टच्या शेवटी विद्यार्थी येतात. शरद ऋतूत शनिवारी फुटबॉलचे घरचे सामने असतात. मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे आणि गावाची वस्तीच सव्वा लाखाच्या आसपास. त्या दिवशी इमर्जन्सीत दारूने बेशुद्ध झालेली मुलं येतात, पडून घोटा मोडलेले येतात, आणि छातीत दुखणारे वयस्कर माजी विद्यार्थीही येतात. दारूचा वास आला म्हणून डोक्याला लागलेलं नजरेआड होणं हा त्या रात्रीचा खरा धोका आहे. नशा उतरायच्या वेळेत शुद्ध सुधारली नाही तर कारण दुसरं शोधायचंच. परीक्षांच्या सुमारास मानसिक आरोग्याचे रुग्ण वाढतात. मुलगा १८ वर्षांचा झालेला असेल तर त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांना फोनवर माहिती देता येत नाही. आपल्या लोकांना हा नियम पचायला वेळ लागतो.

राहण्याचं मोठं त्रांगडं म्हणजे भाडेकरार. ॲन आर्बरमध्ये विद्यार्थ्यांच्या घरांचे करार ऑगस्टअखेरीला सुरू होतात आणि पुढच्या ऑगस्टच्या मध्याला संपतात. इंटर्नचं ओरिएंटेशन जूनमध्ये. तेव्हा आल्या-आल्या वर्षाचा करार करायला गेलं तर रिकामं घर मिळत नाही, आणि मिळालं तर पुढच्या जूनमध्ये निघताना दीड-दोन महिन्यांचं भाडं अंगावर पडतं. उपाय दोन. उन्हाळ्यात गावाला गेलेल्या विद्यार्थ्याची खोली दोन महिन्यांसाठी पोटभाड्याने घ्यायची. ती स्वस्तात मिळते. किंवा विद्यार्थी-वस्ती सोडून इप्सिलँटी, कँटनकडच्या संकुलांत बघायचं, तिथे कोणत्याही महिन्यापासून करार होतो. कँटनला भारतीय वस्ती मोठी आहे, तेव्हा कढीपत्ता आणि तूरडाळीची चिंता नाही.

गाडी लागतेच. शहर बससेवा चांगली आहे, पण पहाटे साडेपाचला निघणाऱ्याला आणि रविवारी पाळी असणाऱ्याला ती पुरत नाही. मिशिगनचा गाडीविमा महाग असतो, हे बजेटमध्ये आधीच धरावं. सामन्याच्या शनिवारी स्टेडियमजवळून जाणारा रस्ता पाळीच्या वेळी टाळायचा. आणि डिसेंबर ते मार्च गाडीवरचा बर्फ खरवडायला वीस मिनिटं जास्त लागतात, तीही पाळीच्या वेळेआधीच काढायची.

व्हिसा, परीक्षा आणि कागद

भारतात शिकलेल्यांना आधी ईसीएफएमजीचं, म्हणजे परदेशी पदवीधर डॉक्टरांना पात्र ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं: यूएसएमएलई या अमेरिकी परवाना-परीक्षेची स्टेप १, स्टेप २ सीके आणि इंग्रजी संवादासाठी ओईटी ही परीक्षा. स्टेप १ चा निकाल जानेवारी २०२२ पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असतो, त्यामुळे सगळं वजन स्टेप २ च्या गुणांवर आलं आहे.

व्हिसा बहुतेकांचा जे-१ असतो. त्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘स्टेटमेंट ऑफ नीड’, म्हणजे या शाखेच्या डॉक्टरांची देशाला गरज असल्याचं पत्र, आणावं लागतं, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट त्याला चिकटते. त्या पत्रात विषय काय लिहायचा, फक्त पहिलं वर्ष की पुढची शाखाही, हे अर्ज भरण्याआधी प्रोग्रॅमच्या समन्वयकाकडून लेखी विचारून घ्यावं. चुकलं तर दिल्लीला पुन्हा खेटे घालावे लागतात. जे-१ चे कागद दर वर्षी नवे होतात, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमला जाताना प्रक्रिया नव्याने करायची. एच-१बी साठी स्टेप ३ आधीच उत्तीर्ण असावी लागते, आणि एका वर्षाच्या डॉक्टरसाठी तो खटाटोप करायला फार थोडी रुग्णालयं तयार होतात.

ज्यांनी स्टेप ३ आधी दिलेली नाही त्यांनी ती याच वर्षात उरकून टाकावी. परीक्षा दोन दिवसांची असते. पहिल्या दिवशी सुमारे ७ तास, दुसऱ्या दिवशी सुमारे ९, आणि दुसऱ्या दिवशी संगणकावर १३ काल्पनिक रुग्णांवर उपचार करायचे असतात. रेडिऑलॉजीत गेल्यावर बाळंतपण आणि बालरोग लवकर विसरायला होतं; म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा ऐच्छिक ब्लॉक यासाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

पगार साधारण वर्षाला ६० ते ७० हजार डॉलरच्या पट्ट्यात असतो. त्यामागचा मोठा पैसा मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेकडून रुग्णालयाला मिळतो. १९९७ च्या कायद्याने जुन्या रुग्णालयांच्या रेसिडेंटांच्या संख्येवर मर्यादा घातली. ज्यांच्याकडे आधी रेसिडेंट नव्हते त्यांना मात्र पाच वर्षांच्या अवधीत स्वतःची संख्या ठरवता येते. छोट्या गावांत गेल्या काही वर्षांत नवे प्रोग्रॅम उगवलेत ते बऱ्याच अंशी यामुळे. नवा प्रोग्रॅम वाईटच असतो असं नाही, पण मान्यता ‘प्राथमिक’ आहे की ‘सततची’, आणि आधीच्या तुकडीतले लोक पुढे कुठे गेले, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. दुसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर ते नाव रँक लिस्टमध्ये खाली सरकवावं.

जूनचा घोळ

जुना करार ३० जूनपर्यंत आणि नवा १ जुलैपासून, हे कागदावर ठीक. पण नव्या ठिकाणचं ओरिएंटेशन अनेकदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात असतं, हजार मैल दूर. म्हणून सुट्टीचा शेवटचा आठवडा जूनच्या अखेरीला ठेवतात. काही प्रोग्रॅम ही सोय आपणहून करतात, काहींना सप्टेंबरातच सांगून ठेवावं लागतं. शेवटचा ब्लॉक चुकूनही आयसीयू किंवा रात्रपाळीचा घेऊ नये.

आजारपण किंवा बाळंतपणासाठी सहा आठवड्यांची पगारी रजा जुलै २०२२ पासून सर्व मान्यताप्राप्त प्रोग्रॅमना द्यावी लागते. रजा मिळते, पण एका वर्षाच्या प्रोग्रॅममध्ये ते आठवडे भरून काढायला जागाच नसते, आणि वर्ष ऑगस्टपर्यंत लांबलं तर पुढची शाखा उशिरा सुरू होते. पुढच्या प्रोग्रॅमच्या संचालकांना हे शक्य तितक्या लवकर कळवलं तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. जूनमध्ये कळवलं तर त्यांचं जुलैचं वेळापत्रक छापून झालेलं असतं.

नव्या राज्याच्या प्रशिक्षण परवान्याचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच टाकावा. त्यात कॉलेजकडून थेट पाठवलेली पडताळणी मागतात, आणि आपल्या विद्यापीठातून तो लिफाफा निघायला किती फेऱ्या लागतात हे महाराष्ट्रात शिकलेल्याला वेगळं सांगायला नको. गावाकडचा भाऊ किंवा मित्र अधिकारपत्र देऊन आधीच नेमून ठेवावा. शेवटचा कागद जुन्या संचालकांच्या सहीचा: वर्ष पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि अंतिम मूल्यमापन. ब्लॉकनिहाय आठवड्यांचा तक्ता त्याला जोडून मागावा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण तीन-चार वर्षांनी बोर्डाच्या, म्हणजे शाखेतला तज्ज्ञ ठरवणाऱ्या परीक्षेचा अर्ज भरताना इमर्जन्सी किती आठवडे केली, हे कोणीतरी हमखास विचारतं, आणि तोवर जुन्या ठिकाणचा समन्वयक बदललेला असतो.